वकिलातीची चांदी, तुरुंगाचं पोलाद: डेव्हिड मेलर यांच्या दोन संचांचं प्रकरण

एकाच सरकारी खात्याने दोन वर्षांच्या अंतराने एकाच माणसाकडून काटे-चमचे करून घेतले. पहिली मागणी 1963 ची: ब्रिटिश वकिलातींच्या जेवणघरांसाठी स्टर्लिंग चांदीचा, हाताने घडवलेला संच. दुसरी 1965 ची: सरकारी कँटीन, रुग्णालयं, तुरुंग आणि रेल्वे यांच्यासाठी स्टेनलेस स्टीलचा, शक्य तितका स्वस्त संच. खातं म्हणजे ब्रिटनचं सार्वजनिक इमारती आणि बांधकाम मंत्रालय, माणूस म्हणजे शेफील्डचे डेव्हिड मेलर. पहिल्या संचाचं नाव 'एम्बसी', दुसऱ्याचं 'थ्रिफ्ट'.

एकच डिझायनर राजदूतासाठीही राबतो आणि कैद्यासाठीही, ही गोष्ट सांगायला गोड आहे आणि खोटीही नाही. पण या प्रकरणात मला रस आहे तो दुसऱ्याच कारणाने. ठशातून (म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या पोलादी साच्यातून) निघालेल्या चमच्यात मिळत नाही असं हाताने घडवलेल्या चांदीत डिझायनरला नेमकं काय मिळतं? नक्षी म्हणावी, तर एम्बसीवर नक्षी नाही. हातोडीच्या खुणा म्हणाव्यात, तर पृष्ठभाग गुळगुळीत आहे. मग एकेका काट्यामागे कारागिराची मजुरी मोजून सरकारने घेतलं काय? माझं उत्तर आहे: जाडी. धातू कुठे जाड असावा आणि कुठे पातळ, हे मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरवण्याची मोकळीक. हे पटवून द्यायला आधी थोडं शेफील्ड आणि बरंचसं धातूकाम समजून घ्यावं लागेल.

शेफील्ड हे उत्तर इंग्लंडमधलं चाकू-सुऱ्यांचं गाव. तिथल्या सुरीकारांच्या संघाला कायद्याने मान्यता मिळाली 1624 साली. चांदीची शुद्धता तपासून छाप मारणारं कार्यालय 1773 पासून आहे. हॅरी ब्रेअर्ली यांनी 1913 मध्ये गंज न धरणारं पोलाद काढलं तेही याच गावात. मेलर यांचा जन्म 1930 चा. वडील ड्रिल बनवणाऱ्या कारखान्यात टूलमेकर होते. मुलगा अकराव्या वर्षीच शेफील्डच्या कला महाविद्यालयाच्या कनिष्ठ विभागात गेला आणि पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये. तिथे शिकत असतानाच, 1953 मध्ये, त्यांनी 'प्राइड' हा चांदीचा मुलामा दिलेला संच आखला. शेफील्डच्याच वॉकर अँड हॉलने तो बाजारात आणला आणि 1957 मध्ये त्याला डिझाइन सेंटरचा पुरस्कार मिळाला. म्हणजे 1963 मध्ये मंत्रालय ज्याच्याकडे गेलं तो नवखा नव्हता. चांदीकामाचं शिक्षण घेतलेला, गावात स्वतःचा कारखाना थाटलेला आणि 1959 मध्ये बसथांब्याचा आराखडा करून रस्त्यावरही पोचलेला असा तो माणूस होता.

त्या वेळी इंग्लंडमधल्या चांदीच्या धंद्याची अवस्था फारशी चांगली नव्हती. युद्धानंतर चांदीच्या वस्तूंवर जबर खरेदी-कर बसला होता. कारखाने तग धरून होते ते जुन्या नमुन्यांच्या आधारावर. 'किंग्ज', 'फिडल', 'ओल्ड इंग्लिश' असे नमुने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. त्यांचे पोलादी ठसे तयार असत, गिऱ्हाईकही तेच मागत असे, मग नवा ठसा खोदण्याचा खर्च कोण करणार? वकिलातीच्या मेजावर मात्र हे जुनेपण खटकणारं होतं. एकीकडे आधुनिक ब्रिटिश डिझाइनचा गाजावाजा करायचा आणि दुसरीकडे परदेशी पाहुण्याच्या हातात दीडशे वर्षांपूर्वीच्या घाटाचा काटा द्यायचा, हे जुळत नव्हतं. म्हणून काट्या-चमच्यांबरोबर चहादाणीसारखी भांडीही त्याच नव्या हाताने घडावीत असं ठरलं.

आता धातूकडे वळू. इथेच या प्रकरणाचं मर्म आहे.

स्टर्लिंग चांदीत हजारात 925 भाग चांदी असते आणि उरलेलं बहुतेक तांबं. निव्वळ चांदी फार मऊ, तिचा चमचा दोन महिन्यांत वाकेल. तांबं तिला कणखरपणा देतं. तरीही पोलादाच्या तुलनेत ती लवचीकच. त्याच मापाची चांदीची पट्टी पोलादी पट्टीच्या साधारण अडीच पट जास्त लवते. पण पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, हा अभियंत्यांचा जुना नियम इथे कामी येतो. त्यामुळे पोलादी दांड्याइतकाच ताठ चांदीचा दांडा हवा असेल तर रुंदी तीच ठेवून तो सुमारे एकतृतीयांशाने जाड करावा लागतो. चांदी पोलादाहून जडही आहे (पाण्याच्या दहापटींहून थोडी जास्त, पोलाद आठपटींपेक्षा किंचित कमी). दोन्ही गोष्टी गुणल्या की कळतं, सारख्याच ताठपणाचा चांदीचा चमचा पोलादीच्या जवळजवळ पावणेदोन पट वजनाचा होतो.

चांदीच्या चमच्याचं वजन आपण श्रीमंतीच्या खात्यावर टाकतो. बरंचसं वजन खरं तर नाइलाजाचं असतं.

आणि हा नाइलाजच डिझायनरचा खरा प्रश्न. सगळा दांडा सारखाच जाड केला तर काटा हातात दगडासारखा बसतो. सगळाच पातळ केला तर बटाटा दाबताना मानेपाशी वाकतो. काटा किंवा चमचा वापरताना सगळ्यात जास्त ताण येतो तो मानेवर, म्हणजे दांडा संपून दाते किंवा खळगा जिथे सुरू होतो त्या अरुंद जागेवर. तिथे धातू भरीव हवा. खळग्याची कड ओठाला लागते, ती पातळ हवी, पण इतकीही नाही की कापेल. दांड्याचं टोक तळहाताला टेकतं, तिथे थोडं वजन असेल तर तोल हातात राहतो. म्हणजे एकाच पाऊणशे ग्रॅमच्या वस्तूत जाडी तीन-चार वेळा कमी-जास्त व्हायला हवी, आणि तीही अशी की नजरेला कुठे पायरी दिसू नये.

सपाट पत्र्यातून आकार कापला तर हे होत नाही. पत्रा सगळीकडे सारखाच. चांगल्या कारखान्यात कापलेला तुकडा रुळांखाली घालून ठिकठिकाणी कमी-जास्त लाटतात आणि मग ठशात दाबतात. त्याने बरंच साधतं, पण रूळ कसे बसवायचे ते एकदा ठरलं की ठरलं. हाताने घडवताना मात्र कारागीर लगडीतून ओढलेली जाड पट्टी घेतो आणि ठोक्याठोक्याने धातूला जागेवरून हलवतो. पट्टीचं एक टोक अरुंद तोंडाच्या हातोडीने आडवं पसरवायचं, तो पुढे खळगा. मधला भाग लांबवायचा, तो दांडा. मानेपाशी पट्टी काठावर उभी धरून ठोकायची, म्हणजे तिथली रुंदी आटते आणि जाडी वाढते. या तिसऱ्या क्रियेचं महत्त्व फार. पत्र्यात नसलेली जाडी इथे हाताने निर्माण होते. कापून किंवा घासून जाडी फक्त कमी करता येते. ठोकून ती वाढवताही येते.

चांदी हे सगळं थंड असताना सहन करते, पण काही काळच. ठोके खाऊन ती कडक होते, आणखी ठोकली तर कडेला तडे जातात. मग ती सुमारे 600 ते 650 अंश सेल्सियसपर्यंत तापवून मऊ करायची. कारागीर हे तापमान डोळ्याने ओळखतो: अंधाऱ्या कोपऱ्यात धातू मंद लाल दिसला की पुरे. जास्त तापवली तर चांदीचे कण मोठे होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. आणखी तापवली, सुमारे 800 च्या पुढे, की ती वितळूच लागते. तापवल्यावर पाण्यात विझवायची, सौम्य आम्लात धुवायची आणि परत ऐरणीवर.

या तापवण्यात स्टर्लिंगची एक खोडी लपलेली आहे. तिच्यातलं तांबं हवेशी संयोग पावतं आणि पृष्ठभागाच्या आतपर्यंत जांभळट-करडा डाग शिरतो. आम्लाने वरचा काळेपणा जातो, हा आतला डाग जात नाही. तो घासूनच काढावा लागतो किंवा वरून शुद्ध चांदीचं पाणी चढवून झाकावा लागतो. नक्षीकामात असा डाग खपून जातो. एम्बसीसारख्या मोकळ्या, गुळगुळीत पृष्ठभागावर तो ढगासारखा दिसतो. साधेपणा स्वस्त असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा असा मोकळा पृष्ठभाग निर्दोष करून पाहावा.

शेवटच्या फेरीत मात्र चांदी मुद्दाम मऊ करत नाहीत. सपाट, आरशासारख्या तोंडाच्या हातोडीने हलके ठोके देत शेवटचा घाट द्यायचा आणि त्या ठोक्यांनी आलेला कडकपणा तसाच राहू द्यायचा. तापवून मऊ केलेल्या चांदीच्या तुलनेत ठोकून कडक झालेल्या चांदीची कठीणता जवळपास दुप्पट भरते. म्हणजे घडवलेल्या काट्याची मान दोन कारणांनी मजबूत: तिथे धातू जास्त, आणि जो आहे तो ठोकून कणखर झालेला. साच्यात ओतलेल्या चांदीत यातलं दुसरं कारण नसतं, म्हणून ओतीव दांडा तेवढ्याच ताकदीसाठी जाडजूड ठेवावा लागतो.

खळगा करण्याची पद्धत जुनी आहे. शिशाच्या ठोकळ्यावर पसरलेलं टोक ठेवायचं आणि चमच्याच्या आतल्या आकाराचा पोलादी ठोसा त्यावर हाणायचा. शिसं दबतं आणि चांदीला आधार देत राहतं. पण शिशाचा कणभर अंश चांदीला चिकटून राहिला आणि मग ती तापवली गेली, तर त्या जागी चांदी खाल्ली जाऊन भोक पडतं. म्हणून मध्ये कागद किंवा चामडं घालतात आणि तापवण्याआधी तुकडा नीट पुसतात. काट्याचं काम याहून चिकाटीचं. दात्यांमधल्या फटी करवतीने कापायच्या, प्रत्येक दात्याच्या चारही बाजू कानसीने सारख्या करायच्या आणि मग सगळे दाते एका वळणात वाकवायचे. जेवताना जिभेला लागते ती दात्यांच्या मुळाशी असलेली फट. अन्न अडकतं तेही तिथेच. बाहेरून चकाकणारा काटा या फटीत खरखरीत असेल तर कारागीर शेवटी कंटाळला होता हे लगेच कळतं.

पुढची अडचण मला तरी सगळ्यात मोठी वाटते. हाताने केलेल्या वस्तूचं कौतुक आपण बहुधा 'प्रत्येक नग वेगळा' म्हणून करतो. जेवणाच्या मेजावर हे कौतुक चालत नाही. पाहुण्यांपुढे मांडलेले सगळे काटे एका रांगेत दिसले पाहिजेत आणि एक हरवला तर पाच वर्षांनी करून घेतलेला नवा काटा जुन्यांत मिसळला पाहिजे. म्हणून इथे हस्तकामाची परीक्षा उलटी होते: एकसारखेपणात. त्यासाठी धातूच्या पट्टीचं वजन आधीच ठरवून घ्यायचं, बाह्याकृतीचा पत्र्याचा नमुना ठेवायचा, वळण तपासायला साचा ठेवायचा. कागदावर एक सुंदर आकृती काढून डिझायनरचं काम भागत नाही. कारागिराने कुठे थांबायचं हे मोजता येईल अशा खुणा त्याला आराखड्यात द्याव्या लागतात. मेलर स्वतः चांदीकाम जाणत होते आणि काम त्यांच्याच कारखान्यात होत होतं. आराखडा काढणारा आणि ठोकणारा यांच्यात टपालाचं अंतर नव्हतं, ही या प्रकरणातली फार मोठी सोय.

सुरी या साऱ्याला अपवाद. चांदीला धार टिकत नाही, त्यामुळे पातं स्टेनलेस स्टीलचं आणि मूठ चांदीची, अशी जोडणी करावी लागते. सुरीची भरीव चांदीची मूठ परवडणार नाही आणि जडही होईल, म्हणून चांदीच्या मुठी सहसा पोकळ करतात: दोन अर्ध्या कवच्या डाक देऊन जोडायच्या, आत पात्याची शेपटी घालायची आणि पोकळी राळेसारख्या पदार्थाने भरायची. इथे जाडीची मोकळीक संपते आणि पत्र्याचं राज्य सुरू होतं. संचातली सुरी काट्या-चमच्यांच्या कुळातली वाटावी, हे सगळं मग निव्वळ बाह्यरेषेवर येऊन पडतं. चांदीचा कोणताही संच पारखायचा असेल तर मी आधी सुरी आणि काटा शेजारी ठेवून बघेन. बहुतेक संच तिथेच फुटतात.

पृष्ठभागाबद्दल त्या काळात दोन वेगळ्या वाटा होत्या, आणि मेलर यांनी दोन्ही घेतल्या नाहीत. डेन्मार्कमध्ये गेऑर्ग येन्सन यांच्या कारखान्याने (सुरुवात कोपनहेगन, 1904) हातोडीच्या बारीक खुणा मुद्दाम राखून चांदीला मऊसर, चंद्रप्रकाशी झळाळी दिली आणि ती जगभर ओळखीची झाली. रॉयल कॉलेजमधले मेलर यांच्याच पिढीचे जेराल्ड बेनी यांनी चांदीवर झाडाच्या सालीसारखा पोत आणला. तो इतका चालला की साठच्या दशकातली ब्रिटिश चांदी म्हटलं की आजही तोच डोळ्यांपुढे येतो. दोन्हींचा एक व्यावहारिक फायदाही आहे: चरे आणि बोटांचे ठसे लपतात. मेलर मात्र गुळगुळीत पृष्ठभागावर ठाम राहिले. मला ही निवड योग्य वाटते, कारण जाडीतले बदल डोळ्यांना दिसतात ते प्रकाशाच्या एकसंध रेषेतून. पोत आला की ती रेषा तुटते आणि मानेपासून टोकापर्यंत धातू कसा वाहत गेला ते दिसेनासं होतं. बेनी यांची चांदी बघायला सुंदर आहे. मेलर यांची चांदी हातात घेऊन फिरवावीशी वाटणारी आहे.

वापराच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. एक, चांदी उष्णता स्टेनलेस स्टीलपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने वाहून नेते. गरम सूपमध्ये ठेवलेला चांदीचा चमचा थोड्याच वेळात बोटांना कळतो. मान जाड केली की ताकद वाढते तशी उष्णतेची वाटही रुंद होते. म्हणजे वर ज्या जाडीचं मी कौतुक केलं तिची ही किंमत. दांड्याच्या टोकाकडे थोडा जास्त धातू ठेवला तर तो भाग सावकाश तापतो, एवढाच दिलासा. दुसरी गोष्ट गंधकाची. अंड्याच्या बलकाने चांदी काळी पडते, म्हणून अंड्यासाठीच्या चमच्यांना सोन्याचं पाणी देण्याची जुनी पद्धत आहे. मीठही चांदीला मानवत नाही. वकिलातीत घासायला नोकरमाणसं असतात. त्यांच्या बाजूने पाहिलं तर खाचाखोचा नसलेला एम्बसी हा नक्षीदार 'किंग्ज'पेक्षा उपकारकर्ताच म्हणायचा, कारण नक्षीच्या खाचेत अडकलेली पॉलिशची पांढरी पूड काढणं हे स्वतंत्र काम असतं.

आणखी एक, थोडं आडवळणाचं. इंग्रज सूप पितो ते चमच्याच्या कडेवरून, चमचा ओठाला समांतर धरून. युरोपात इतरत्र टोकाकडून पिण्याचा रिवाज. म्हणून इंग्लंडमध्ये सूपचा चमचा गोल. आपण आमटीचा किंवा खिरीचा चमचा सरळ तोंडात घालतो. आपल्यासाठी कोणी चांदीचा चमचा आखणार असेल तर खळग्याच्या टोकाची कड आणि त्याची खोली हे मुद्दे इंग्लिश नमुन्यातून उचलून चालणार नाहीत.

तयार नग शेवटी शेफील्डच्या तपासणी कार्यालयात जाई. तिथे धातूचा अंश खरवडून शुद्धता पाहत आणि मग छाप उठवत: कारागिराची खूण, स्टर्लिंगचा सिंह, वर्षाचं अक्षर आणि शेफील्डची खूण म्हणून मुकुट. गावाची ही खूण 1974 पर्यंत मुकुट होती, नंतर गुलाब झाली. छाप मारताना पोलादी ठसा चांदीत रुततो आणि मागच्या बाजूला फुगवटा येतो, म्हणून दांड्याच्या जाड भागावर छापासाठी जागा आधीच धरून ठेवावी लागते आणि अखेरची जिल्हई छापानंतर करावी लागते. चार बारीक खुणा कुठे येणार हेही डिझाइनच आहे, आणि पातळ दांड्याच्या संचांत तिथेच फजिती होते.

आता दुसरा संच. 1965 मध्ये मंत्रालय परत आलं ते नेमकी उलटी अट घेऊन. थ्रिफ्टमध्ये घडवणं नाही, चांदी नाही, नगाला वेळ देणं नाही. पोलादी पत्रा, ठसा, आणि मोठी संख्या. जाडीची मोकळीक पूर्ण हिरावलेली. अशा वेळी सहसा डिझायनर प्रत्येक नगातून थोडा थोडा धातू कमी करतो आणि आपल्याला लग्नाच्या पंगतीत मिळतो तसा, आइस्क्रीम काढताना मान टाकणारा चमचा जन्माला येतो. मेलर यांनी काटकसर वेगळ्या ठिकाणी केली. परंपरेने एका माणसासमोर जे 11 नग मांडले जात, त्यांची संख्या त्यांनी 5 वर आणली. माशाची सुरी वेगळी, पुडिंगचा चमचा वेगळा, सूपचा वेगळा, हा सारा पसारा कँटीनमध्ये कोणाला हवा होता? सुरीलाही वेगळी मूठ ठेवली नाही. पातं आणि मूठ एकाच पोलादी तुकड्याची.

सहा नग कमी झाले म्हणजे सहा ठसे कमी, कोठारातले सहा खण कमी, धुताना सहा ढीग कमी. वाचलेला पैसा उरलेल्या पाच नगांना नीट ताठपणा द्यायला वापरता येतो. पत्र्याची जाडी सारखीच असली तरी दांड्याला आडवं हलकंसं वळण दिलं की तो ताठ होतो, हे तर पत्र्याचं काम करणारा कोणीही सांगेल. माझ्या वाचनाप्रमाणे एम्बसीचा धडा थ्रिफ्टमध्ये असा उतरला: चांदीत हातोडीने धातू एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येत होता, थ्रिफ्टच्या स्वस्त पोलादी पत्र्यात ते शक्य नव्हतं, म्हणून मेलर यांनी संपूर्ण संचालाच एक वस्तू मानलं आणि धातू अनावश्यक नगांतून काढून आवश्यक नगांत नेला.

दोन्ही संचांबद्दल एक आक्षेप मात्र उरतो, आणि तो मला खोडता येत नाही. जाडीचं जे गणित मी वर मांडलं ते चांगल्या स्टेनलेस स्टीलमध्ये, रुळांखाली कमी-जास्त लाटलेल्या तुकड्यातून, नव्वद टक्के साधता येतं. तो काटा जास्त ताठ असेल, काळा पडणार नाही आणि सूपमध्ये इतका तापणारही नाही. मग वकिलातीला चांदी कशाला? उपयोगाच्या निकषावर उत्तर नाही. उत्तर आहे ते उरलेल्या दहा टक्क्यांत आणि त्या काळच्या धोरणात: सरकारने एक गिऱ्हाईक म्हणून हा खर्च उचलला नसता, तर चांदीच्या नव्या घाटांना जुन्या ठशांशी टक्कर देण्याची संधी बाजाराने दिली असती असं वाटत नाही. पुढे 1970 मध्ये ते मंत्रालयच पर्यावरण खात्यात विलीन झालं. मेलर यांनी त्यानंतर दुसऱ्या कंपन्यांच्या भरवशावर न राहता 1973 मध्ये शेफील्डच्या ब्रूम हॉल या जुन्या वास्तूत स्वतःचं उत्पादन सुरू केलं, आणि 1990 मध्ये डर्बीशरमधल्या हॅदरसेजला गॅसच्या जुन्या टाकीच्या गोल पायावर मायकेल हॉपकिन्स यांनी आखलेला कारखाना उभा राहिला. शेफील्डच्या धंद्याची रीत अशी होती की घासणारा जन्मभर घासतच राहायचा, ठसा मारणारा ठसाच मारायचा. मेलर यांच्या कारखान्यात एकेक माणूस अनेक टप्पे शिकला. मेलर 2009 मध्ये गेले.

आपल्याकडे हे प्रकरण कुठे लागू पडतं? बारशाला किंवा उष्टावणाला दिला जाणारा चांदीचा वाटी-चमचा घ्या. चमचा बहुतेक वेळा पातळ पत्र्याचा, दांड्यावर उठावाची फुलं, आणि मान इतकी नाजूक की बाळाने दोनदा आपटला की वाकडा. हा दोष कारागिराच्या हाताचा नाही. किंमत ठरते ती ग्रॅमवर, वर थोडी घडणावळ. गिऱ्हाईक बजेटातून वजन काढतं, वजनातून पत्र्याची जाडी ठरते, आणि मानेचा विचार कोणी करतच नाही. हुपरीसारख्या गावात चांदीत मुरलेले हात आहेत, पण त्या गावाचं नाव पैंजणांसाठी. चमचा तिथेही आणि सराफ कट्ट्यावरही भेटवस्तूच राहिला आहे, जेवणाचं हत्यार झालेला नाही.

कोणाला खरंच वापरायचा चमचा करून घ्यायचा असेल तर मी सोनाराकडे फोटो घेऊन जाऊ नका म्हणेन. वरून दिसणारी आकृती द्या, बाजूने दिसणारी द्या, आणि तीन ठिकाणचे आडवे छेद द्या: खळग्याची कड, मान आणि दांड्याचं टोक, प्रत्येकाची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून. शुद्धता 925 ची सांगा. जास्त टंचाची चांदी इथे तोट्याची. पत्रा कापून नको, पट्टीतून ठोकून हवा, आणि शेवटच्या ठोक्यांनंतर तापवू नका, हे बोलून ठेवा. मजुरी ग्रॅमवर न लावता नगावर ठरवा. कानसीत आणि जिल्हईत जाणारी घट कोणाच्या खात्यावर टाकायची तेही आधीच बोलून घ्या, कारण काम जितकं बारीक होईल तितकी ती वाढत जाणार.